झाड उलटं करा बघू!

मुलगी बघण्याचा कार्यक्रम महाराष्ट्रातून हद्दपार झाला, असा आपल्याकडच्या बऱ्याच सुधारक मंडळींचा गोड समज आहे. कार्यक्रम कुठेही गेलेला नाही. त्यानं फक्त पत्ता बदलला आहे. पूर्वी तो सदाशिव पेठेत, गिरगावात, नागपूरच्या महालात कांदेपोह्यांच्या साक्षीनं व्हायचा. हल्ली तो बंगळूरहून, हैदराबादहून, फारच मोठं स्थळ असेल तर थेट कॅलिफोर्नियाहून लॅपटॉपवर होतो. पूर्वी मुलीला सांगत, "जरा चालून दाखव", "सुईत दोरा ओव बघू", "एखादं पद म्हण". पुढे संसारात सुईत दोरा ओवावा लागतो, तेव्हा ते एक वेळ समजू शकतं. हल्ली अकरा-अकरा वर्षं नोकरी केलेल्या, डोक्यावरचे निम्मे केस कंपनीच्या चरणी वाहिलेल्या इंजिनिअरला समोर बसवतात आणि सांगतात, "झाड उलटं करून दाखवा."

मी विनोद करतोय असं वाटत असेल, तर गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, मेटा अशा बड्या घराण्यांत मुलाखत देऊन आलेला एखादा तरुण गाठा. पुण्यात राहत असाल तर जिना उतरण्याचीही गरज पडणार नाही. तो सांगेल की संगणकशास्त्रात 'बायनरी ट्री' नावाचं एक झाड असतं. त्याच्या प्रत्येक पेरातून पुढे फार तर दोन फांद्या फुटतात. हे झाड मुळातच उलटं. मूळ वर, पानं खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायात असाच एक अश्वत्थ आहे. पण भगवंतांनी तो वैराग्याच्या शस्त्रानं तोडायला सांगितला आणि विषय मिटवला. ही मंडळी म्हणतात, डाव्या फांद्या उजवीकडे करा, उजव्या डावीकडे करा, आणि करताना मोठ्यानं विचारही करा. वेळ वीस मिनिटं. आम्ही बघत बसतो.

हे झाड जगप्रसिद्ध झालं ते २०१५ साली. मॅक्स हॉवेल नावाच्या प्रोग्रॅमरनं २००९ मध्ये 'होमब्रू' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. मॅक संगणकावर काम करणाऱ्या प्रोग्रॅमर मंडळींच्या घरात ते मिठासारखं असतं. हा गृहस्थ गूगलमध्ये मुलाखतीला गेला. तुमचं सॉफ्टवेअर आमचे बहुतेक इंजिनिअर वापरतात, असं त्याचं कौतुक झालं आणि फळ्यावर झाड उलटं करता येत नाही म्हणून नकारही मिळाला. त्यानंच हे चारचौघांत जाहीर केलं, तेही जरा कडक भाषेत. सुगरणीच्या हातचं जेवून तृप्तीची ढेकर द्यायची, आणि मग तिला स्वयंपाकीण म्हणून ठेवायची वेळ आली की विचारायचं, "बाई, पाण्याचं रासायनिक सूत्र काय?" त्यातला हा प्रकार.

आता कामाशी संबंध नसलेले प्रश्न मुलाखतीत विचारणं हा काही या कंपन्यांचा शोध नव्हे. १९७९ साली मी बँकेच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा समोरच्या तीन गृहस्थांपैकी मधल्यांनी मला विचारलं होतं, "रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोण?" मी म्हटलं, "आय. जी. पटेल." त्यानंतर मी बत्तीस वर्षं नोकरी केली. काउंटरवर येऊन एकाही खातेदारानं मला गव्हर्नरांचं नाव विचारलं नाही. माझी सही जुळत का नाही, एवढंच विचारलं. पण एक फरक लक्षात घ्या. आय. जी. पटेल पाठ करायला मला अर्धा मिनिट लागला होता. झाडं उलटी करायला शिकण्यात माझ्या भाच्याचे आठ महिने गेले.

मायक्रोसॉफ्टनं एके काळी आणखी एक परंपरा सुरू केली होती. मुलाखतीत कोडी घालायची. मॅनहोलचं झाकण गोल का असतं, हे त्यातलं सर्वांत गाजलेलं कोडं. उत्तर असं की गोल झाकण कसंही फिरवलं तरी त्याच भोकातून आत पडत नाही. पुण्याच्या उमेदवारावर हा सरळसरळ अन्याय होता, कारण त्याच्या मनात पहिला प्रश्न "झाकण कुठे आहे?" हाच येणार. गूगलही त्याच वाटेनं गेलं. २००४ साली तर कॅलिफोर्नियात हमरस्त्यावर त्यांनी असा फलक लावला होता, की गणितातल्या 'ई' या संख्येत ओळीनं येणारी पहिली दहा आकडी मूळसंख्या शोधा, तिच्या नावाच्या पत्त्यावर जा, पुढचं तिथे कळेल. आपल्याकडे रस्त्यावरच्या फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात ते किती बरं!

मग २०१३ साली गूगलमधल्याच मनुष्यबळ खात्याच्या प्रमुखांना, लॅझलो बॉक यांना, उपरती झाली. त्यांनी एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत सांगून टाकलं की ही कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होता. त्यांनी मुलाखत घेणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटायचं, एवढंच. पुढे ते असंही म्हणाले की कंपनीनं हजारो मुलाखतींचे गुण आणि त्या माणसांची नंतरची कामगिरी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर दोहोंत काहीच नातं सापडलं नाही. म्हणजे पत्रिकेत छत्तीस गुण जुळले आणि संसाराशी त्यांचा काडीचा संबंध नाही, असं खुद्द भटजींनीच सांगितलं. कोडी गेली. पण झाडं राहिली, आणि जोमानं वाढली.

ही झाडं आता कुठे वाढतात, तर 'लीटकोड' नावाच्या संकेतस्थळावर. तिथे तीन हजारांहून अधिक गणितं आहेत. सोपी, मध्यम आणि अवघड अशी त्यांची वर्गवारी आहे. (भाचा सांगतो, यातलं 'सोपं' हे डॉक्टर "जरासं दुखेल" म्हणतात तितपतच खरं.) पैसे भरले, की कुठल्या कंपनीत कुठली गणितं विचारली गेली याची यादीही मिळते. आपल्याकडे दहावीला 'अपेक्षित' मिळायचं, तोच हा प्रकार. शिवाय गेल लाकमन मॅकडॉवेल या बाईंनी लिहिलेलं 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' नावाचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत. आमच्या भाच्याच्या घरी ते देवघराशेजारच्या फळीवर असतं. ताई त्याला पाय लागू देत नाही.

भाच्याची दिनचर्या सांगतो. सकाळी साडेआठला हिंजवडीकडे प्रस्थान. संध्याकाळी सातला, म्हणजे वाहतुकीच्या कृपेनं आठला, घरी. जेवण. मग रात्री दहा ते एक अभ्यास. वय छत्तीस. ताईची पक्की समजूत झाली होती की तो कलेक्टर व्हायच्या परीक्षेला बसतोय. ती रोज दुधात बदाम घालून देत होती. एकदा तो दार लावून फोनवर कुणाला तरी "माझी स्लायडिंग विंडो अजून कच्ची आहे" असं सांगत होता. ताईनं दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या सरकत्या खिडकीसाठी मिस्त्री बोलावला.

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, हे 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' म्हणजे नक्की काय रे?"

"मामा, ते नावावरून कळत नाही."

खरंच कळत नाही, आणि त्याला कारण आहे. रिचर्ड बेलमन नावाच्या गणितज्ञानं १९५० च्या सुमारास ही रीत काढली. तेव्हा त्याच्या कामाला पैसा अमेरिकी हवाई दलाचा, आणि वरच्या साहेबाला 'संशोधन' या शब्दाचं वावडं. तेव्हा साहेबाला आत गणित चाललंय हे कळू नये आणि कुणालाच आक्षेप घेता येऊ नये, असं भारदस्त नाव आपण मुद्दाम निवडलं, असं बेलमननं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. सरकारी कचेरीत टिपण कसं लिहावं हे ज्याला कळलं, तोच खरा शास्त्रज्ञ!

"बरं," मी विचारलं, "हे तुला अकरा वर्षांच्या नोकरीत किती वेळा लागलं?"

"एकदाही नाही."

"आणि नवीन कंपनीत लागेल?"

"तिथे असलेले मित्र म्हणतात, आत शिरल्यावर विसरून जा."

मला आमच्या लग्नातल्या व्याह्यांची आठवण झाली. सौ.ला बघायला गेलो तेव्हा तिनं 'हंसध्वनी' गायला होता. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. हंसानं पुन्हा तोंड उघडलेलं नाही. पण त्यासाठी तिनं आठ महिने रात्री जागवल्या नव्हत्या.

या मुलाखतींची मूळ श्रद्धा अशी, की हुशार माणसाला कुठलंही गणित वीस मिनिटांत सुचलं पाहिजे. पुरावा म्हणून हे लोक मोठमोठ्यांची नावं घेतात. यांच्या फार आवडीचं एक गणित आहे: दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधा. एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं ते १९५६ साली सोडवलं, आणि खरोखरच सुमारे वीस मिनिटांत सोडवलं. पण कसं? ॲमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करता करता दोघं दमली. एका कॉफीगृहाच्या गच्चीवर बसली. कॉफी आली, आणि कागदपेन्सिलीशिवाय त्याला ते सुचलं. समोर घड्याळ लावून बसलेलं कुणी नव्हतं. "तुमचा विचार जरा मोठ्यानं करा" असं कुणी म्हणत नव्हतं. आणि ते त्यानं छापलं कधी? १९५९ साली. तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक उमेदवाराला कॉफी द्या, वाग्दत्त वधू शेजारी बसवा, आणि उत्तराला तीन वर्षांची मुदत द्या. मग बघा कसं सुचत नाही ते!

दुसरं उदाहरण 'बायनरी सर्च'चं. नाव मोठं असलं तरी आपण सगळे ते करतो. शब्दकोशात 'म' हवा असला की आपण कोश मधोमध उघडतो, मागे गेलो का पुढे हे बघतो, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करतो. मुलाखतीत हे न चुकता लिहून दाखवावं लागतं. आता त्याचा इतिहास ऐका. ही रीत पहिल्यांदा छापली गेली १९४६ साली. सर्व आकारांच्या यादीला बिनचूक लागू पडेल अशी ती छापून यायला त्यानंतर दीड दशक लागलं. बरं, त्यानंतर तरी सुखानं नांदावी? २००६ साली जॉशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की 'जावा' या भाषेबरोबर जगभर गेलेल्या बायनरी सर्चमध्ये एक चूक नऊएक वर्षं दडून बसली होती. यादी प्रचंड मोठी झाली की मधलं पान काढायच्या बेरजेतच आकडा उतू जात होता. तो प्रोग्रॅम खुद्द ब्लॉक यांनीच लिहिला होता, आणि हे जाहीर केलं तेव्हा ते गूगलमध्ये नोकरीला होते. मोठा माणूस! पण याच न्यायानं आमच्या भाच्याला नऊ वर्षांऐवजी नऊ मिनिटांत चूक सापडली नाही म्हणून घरी पाठवायचं, हे मला काही पटत नाही.

आता जरा गंभीर होतो. फार वेळ होणार नाही.

आमची भाचेसूनही इंजिनिअर आहे, आणि भाच्याच्या मते त्याच्यापेक्षा सरस. दोघांनी एकदमच तयारी सुरू केली होती. घरात तीन वर्षांचं पोर. ते रात्री दहाला झोपतं, साडेअकराला उठतं, पाणी मागतं, आईच हवी म्हणतं. बापाचं दार बंद असतं, कारण बापाचा अभ्यास चाललेला असतो. महिन्याभरात हिनं वह्या आवरून ठेवल्या. तरीही एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं तेव्हा ती मुलाखतीला बसली. मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "मामा, गणित येत होतं हो. पण पडद्यावर तो माणूस नुसता बघत होता. माझी बोटं टाईप करायची थांबली की त्याच्या भुवया वर जायच्या. मला त्या भुवयाच दिसत राहिल्या. मुलाखत संपली, फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवता ठेवता उत्तर आलं."

हे तिचं एकटीचं रडगाणं असतं तर मी लिहिलं नसतं. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातल्या आणि मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी हेच तपासलं. ४८ विद्यार्थी घेतले. गणित सर्वांना तेच. निम्म्यांनी ते परीक्षकासमोर फळ्यावर मोठ्यानं बोलत सोडवलं, निम्म्यांनी एका खोलीत एकटं बसून. ज्यांच्याकडे कुणीतरी बघत होतं, त्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. आणि बायकांचं काय झालं? परीक्षकासमोर एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही. एकट्या खोलीत बसलेल्या सगळ्या झाल्या. प्रयोग छोटा आहे, मान्य. पण आपल्या आजीनं, मावशीनं हा प्रयोग हजारो दिवाणखान्यांत केलेला आहे. हातात पोह्यांची बशी आणि समोर सहा अनोळखी माणसं असली की चांगल्या चालणाऱ्या मुलीलाही चालता येत नाही. त्यावरून ती लंगडी ठरते का?

आणि नकार? तोही जुन्याच पद्धतीचा. पूर्वी वरपक्षाकडून आठ दिवसांनी कार्ड यायचं: "पत्रिका जमत नाही." मुलीच्या बापाला बिचाऱ्याला कळायचं नाही की नाक आडवं आलं, रंग आडवा आला की हुंडा. हल्ली ईमेल येतं: आपल्या कौशल्यांनी आम्ही प्रभावित झालो, तथापि आम्ही अन्य उमेदवारांसह पुढे जात आहोत. कारण विचारायची सोय नाही. सहा महिने किंवा वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करा. म्हणजे तोपर्यंत पुन्हा दूध-बदाम.

नुसती झाडं उलटी करून भागतं असंही नाही. एक फेरी असते आराखड्याची. "ट्विटरसारखी यंत्रणा उभी करून दाखवा. वेळ ४५ मिनिटं." मूळ ट्विटर निघालं २००६ साली, आणि पहिली काही वर्षं ते इतक्या वेळा कोसळायचं की पडद्यावर पाखरांनी उचलून धरलेल्या व्हेल माशाचं चित्र यायचं, आणि लोकांना तो मासाच ओळखीचा झाला होता. ज्यांनी ते बनवलं त्यांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते आमच्या भाच्यानं पाऊण तासात करायचं. त्यातली पाच मिनिटं पुन्हा "तुम्हांला काही विचारायचंय का?" यात जातात.

दुसरी फेरी स्वभावाची. ॲमेझॉनमध्ये नेतृत्वाची सोळा तत्त्वं आहेत. २०२१ पर्यंत चौदा होती, मग दोन वाढली. प्रत्येक तत्त्वाला साजेसा एक प्रसंग आपल्या आयुष्यातून काढून सांगायचा. परिस्थिती काय होती, जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं, या क्रमानं. त्यातलं एक तत्त्व असं, की कणा असू द्या, मतभेद बोलून दाखवा, आणि निर्णय झाल्यावर मात्र मन लावून तेच करा. "वरिष्ठांशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा." मराठी मध्यमवर्गीय माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे क्रूरपणाच. आमचे वरिष्ठांशी मतभेद रोज होतात, पण ते घरी आल्यावर, बायकोजवळ. भाच्यानं शेवटी माझ्या बँकेतला एक प्रसंग मागून नेला. मी एकदा मॅनेजरसाहेबांना पंखा दुरुस्त करायला सांगितलं होतं. त्यानं त्याचं असं काही सोनं केलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. सगळे असेच प्रसंग पाठ करून जातात, आणि समोरचा त्याच्या आधारे स्वभाव ओळखतो म्हणे.

आता दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर मीही एकतर्फी मुलाखत घेतली असं होईल. कंपन्यांचं म्हणणं, लाखो अर्ज येतात, निवडायचं कसं? आणि अर्जदारांत प्रोग्रॅमच लिहिता येत नाही असेही पुष्कळ असतात. खरं आहे. त्यासाठी २००७ मध्ये 'फिझबझ' नावाचं एक पोरखेळाचं गणित सुचवलं गेलं. एक ते शंभर आकडे छापा. तीनचा पाढा आला की 'फिझ', पाचचा आला की 'बझ', दोन्ही आले की दोन्ही. अनुभवी म्हणवणाऱ्यांचीही त्यात दांडी उडते, असं तेव्हा जाणकारांनी लिहिलं होतं. मग जरूर विचारा! दहा मिनिटांचं काम आहे. पोहता येतं का हे बघायला विहिरीत सोडा, माझी हरकत नाही. पण त्यासाठी खाडी पोहून जायला लावू नका.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. या मुलाखतीत वशिला चालत नाही. आमच्या काळी वशिला म्हणजे काय होता हे मला सांगायला नको. सांगली-लातूरकडच्या साध्या कॉलेजातला, बाप शेतकरी असलेला मुलगा निव्वळ गणितं सोडवून जगातल्या बड्या कंपनीत जाऊन बसतो, ही मी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे आणि तिच्यापुढे मी टोपी काढतो. पण वशिला पुरता गेला म्हणता? आतल्या माणसानं नाव सुचवलं की अर्ज पुढे सरकतो. त्याला 'रेफरल' म्हणतात, इतकंच. आणि त्याहून मोठा वशिला म्हणजे वेळ. ज्याला रात्री दहा ते एक दार लावून बसता येतं, ज्याचं पोर दुसरं कुणी सांभाळतं, ज्याच्या आईला बदाम परवडतात, त्याचं गणित पक्कं होतं. आजारी बापाला रात्री उठवून औषध देणाऱ्याचं कच्चं राहतं. दोघांची हुशारी मोजली असं कंपनीला वाटतं. मोजलेली असते ती फुरसत.

आणि गंमत अशी, की आता ही गणितं कृत्रिम बुद्धिमत्ता पाच सेकंदांत सोडवते. मग उमेदवार दुसऱ्या पडद्यावर उत्तर बघून वाचतात, आणि ते पकडायला परीक्षक त्यांच्या बुबुळांवर नजर ठेवतात. शाळेत बाकाखाली चिठ्ठी लपवायचे, त्याची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती. २०२५ साली गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई म्हणाले की मुलाखतीची एक तरी फेरी समोरासमोर घ्यायची. म्हणजे पुन्हा दिवाणखाना, पुन्हा पोहे! यंत्राला जे पाच सेकंदांत येतं ते माणसाला येतं का, हे पाहण्यासाठी माणसाला विमानानं बोलवायचं. त्यापेक्षा यंत्राला जे येत नाही ते विचारून पाहावं, असं कुणालाच का वाटत नाही?

ते काय, ते मी सांगतो. आमचा भाचा इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करतो. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला त्याचा फोन वाजला. एका इस्पितळात औषधांच्या याद्या उघडत नव्हत्या. नर्सेस हातानं लिहून काम चालवत होत्या. प्रोग्रॅम याचा नव्हे. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून नोकरी सोडून गेलेला. हा पहाटे पाचपर्यंत बसला. दोष सापडला. दुरुस्त केला. मग लगेच झोपला नाही. आधी पलीकडच्या घाबरलेल्या पोराला समजावलं की चूक तुझी नव्हती. मग दोष का झाला याचं पानभर टिपण लिहिलं, म्हणजे पुढच्या माणसाला रात्री दोनला उठावं लागू नये. पाच फेऱ्यांत याबद्दल त्याला एकानंही विचारलं नाही. झाडाची डावी फांदी मात्र उजवीकडे जायची राहिली होती.

माझ्या सूचना चारच आहेत. एक, कामाची परीक्षा कामानंच घ्या. दुसऱ्याचा बिघडलेला प्रोग्रॅम द्या, दोन तास द्या, पुस्तकं बघू द्या, आणि त्या दोन तासांचे पैसे द्या. सुतार ठेवताना आपण त्याला लाकडाची व्याख्या विचारत नाही. एक पाट करून घेतो आणि पाटाचे पैसे देतो. कामाचा नमुना बघून माणूस चांगला पारखता येतो, असं श्मिट आणि हंटर या दोन संशोधकांनी १९९८ साली पंचाऐंशी वर्षांचा अभ्यास चाळून लिहिलंय. पुढच्या संशोधकांनी आकडे खाली आणले, पण नमुना पहिल्या पाचांत राहिलाच. दोन, उमेदवाराला विचार करायला एकटं सोडा. भुवया खोलीबाहेर ठेवा. तीन, नकार दिलात तर कारण द्या, दोन ओळींचं का होईना. आठ महिन्यांच्या बदल्यात दोन ओळी ही काही महाग वस्तू नाही. आणि चार, हीच परीक्षा दर तीन वर्षांनी परीक्षकांनाही द्यायला लावा, आणि नापास होतील त्यांना सहा महिने थांबून पुन्हा अर्ज करायला सांगा. चौथी सूचना अमलात आणलीत, तर पहिल्या तिन्ही आठवड्याभरात आपोआप अमलात येतील, याची मी हमी देतो.

हे सगळं व्हायचं तेव्हा होईल. तोवर एक हिशेब मात्र माझ्या बँकेतल्या डोक्यात बसत नाही. २०२३ च्या जानेवारीत गूगलच्या मातृसंस्थेनं बारा हजार माणसं कमी केली. अनेकांना ते कळलं ईमेलवरून. त्यातल्या कितीतरी जणांनी आत येण्यासाठी महिनोन् महिने रात्री जागवल्या असतील, घड्याळासमोर झाडं उलटी केली असतील, पाच-पाच जणांना आपला कणा काढून दाखवला असेल. घेताना पाच फेऱ्या, आणि काढताना एकही नाही. निदान काढतानाही फळ्याजवळ बोलवायचं होतं, समोर बसून मोठ्यानं विचार करायचा होता, वीस मिनिटं तरी. उमेदवारांनीही भुवया वर करून बघितलं असतं!